पडोळेबाईंचं बिऱ्हाड

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही — देवळात हात जोडतानाही हा विषय मी टाळत आलो. तुमच्याजवळ बोलतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मध्येच भलतीकडे वळलो तर समजून घ्या. उभं आयुष्य मी घरं विकली, मुद्द्याला बगल देणं हाच माझा धंदा होता.

भंडाऱ्यात मी प्रॉपर्टीचं काम करायचो. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. खाली धरणात पाणी अडवायला लागले आणि आमची वैनगंगा वाहायची थांबली. पाणी नुसतं उभं. आवाज नाही, ओढ नाही, काठाशी हिरवी शेवाळ. त्या काठावर नागपूरच्या एका बिल्डरनं तीन मजली इमारत बांधली — वैनतीर. खाली पार्किंग, वर बारा फ्लॅट, प्रत्येक बाल्कनीतून पाणी. भाव असा लावला की समुद्रच विकतो आहे. आणि नेमकी मंदी आली. ज्यांनी बयाणा द्यायचं कबूल केलं होतं ते फोन उचलेनात. बिल्डरनं चौकीदार काढला, लिफ्टचं काम बंद केलं, किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला आणि गेला.

आता आमच्याकडचा माणूस घर पाहायला आला की भिंती नंतर पाहतो, शेजार आधी पाहतो. इथं कोण राहते — पहिला प्रश्न हाच. 'अजून कोणी नाही' म्हटलं की चहासुद्धा न घेता परत. रिकाम्या इमारतीत पहिलं बिऱ्हाड कोण थाटणार? तुम्ही थाटाल?

म्हणून मी शेजार तयार केला.

पहिल्या मजल्यावर एकशे दोनच्या दाराला 'म. रा. पडोळे' अशी पाटी लावली. वरच्या दोन मजल्यांवर आणखी दोन नावं. दारांसमोर घरच्या जुन्या चपला ठेवल्या, पोरीचे लहानपणचे सँडलही ठेवले. सकाळी सकाळी जाऊन छाप्यानं रांगोळी काढायचो — पन्नाशीचा माणूस, उकिडवा बसून! गिऱ्हाईक येणार असलं की बायकोची जुनी साडी भिजवून बाल्कनीत वाळत घालायचो आणि आत सेलवरचा रेडिओ लावून ठेवायचो. धंद्यात सगळेच काही ना काही करतात, असं मी स्वतःला सांगायचो. खरं सांगू? मला मजा यायची. पडोळे तुमसरला नोकरीला, बाई जरा अबोल, माहेर पवनीचं — मी गिऱ्हाइकांना इतकं रंगवून सांगायचो की एकदा घरून निघताना बायकोनं विचारलं, कुठे चालले, तर तोंडून निघालं, पडोळ्यांकडे.

या शेजाराला भुलून फक्त एकच गिऱ्हाईक आलं. काकू आणि काकाजी.

काकाजी वरठीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर सायकलनं गेले-आले, आणि निवृत्तीनंतर दोनच वर्षांत लकवा मारला, उजवं अंग गेलं. गावातल्या वाटणीत त्यांच्या वाट्याला माडीवरची खोली आली होती, तिथल्या अरुंद, उभ्या जिन्यावरून त्यांना उतरवणं होईना; इथला जिना रुंद, आणि लिफ्ट महिन्याभरात लागेल असं मी सांगून ठेवलं होतं. काकू विणकरांच्या घरातल्या, हडकुळ्या, हात मात्र सतत चालते. त्यांनी ना टाइल्स पाहिल्या, ना नळ फिरवून पाहिला. समोरच्या दारावरची पाटी वाचली आणि मला एवढंच विचारलं —

"भाऊ, शेजारी माणसं हायेत ना? हे कदी पडले तं माह्या एकटीच्यानं उचलनं नाही होत. आमच्या गल्लीत आवाज देला का चार जनं धावत. मले दुसरं काही नाही पायजे."

मी म्हणालो, "काकू, पडोळे म्हणजे घरचा माणूस. अर्ध्या रात्री हाक मारा."

त्यांचा सगळा भरवसा या एका वाक्यावर होता. दिवाळीनंतर ते एकशे एकमध्ये राहायला आले.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं ना? पण पहिलं बिऱ्हाड आलं की दुसरं येतं, दोन-चार महिन्यांत खरे शेजारी येतील, मग पाट्या काढून टाकू — असा माझा हिशोब. आणि काकूंना फारसं बाहेर पडायलाच मिळायचं नाही. काकाजींना रात्री झोप नसे, त्यामुळे पहाटे दोघांचा डोळा लागायचा. तेवढ्या वेळात मी मोटारसायकल मागे नदीकडच्या बाभळीखाली लावायचो, वर जाऊन रांगोळी-चपला नीट करायचो आणि उतरायचो.

पण विणकराच्या घरातली नजर! एक दिवस काकू म्हणाल्या, "भाऊ, पडोळेबाईची साडी परवा तिसऱ्या मजल्यावर वाळत होती. किनार उसवलेली हाये, मी वळखली. बहिनी हायेत का त्या दोघी?" साडी एकच होती, तीच मी वर-खाली फिरवत होतो. पण तोंड माझं, ते कधी अडलं? म्हटलं, "हो काकू, चुलत बहिणी." त्या खूश झाल्या. म्हणाल्या, बहिणी-बहिणी एका इमारतीत, नशीबवान आहेत.

पुढे पुढे त्या मला पडोळेबाईंच्या गोष्टी सांगू लागल्या. आज बाई उशिरा उठली, कपडे उशिरा वाळत पडले. रेडिओवर जुनी गाणी लावते, मनातून दुःखी असावी. एका दुपारी भिंतीपलीकडे कोणीतरी पाटावर बसून भाजी चिरत होतं, त्यांनी स्वतः ऐकलं म्हणे. त्या दुपारी मी साकोलीत होतो. एकशे दोनला कुलूप होतं — दारातच बसवलेलं, बाहेरून कळायचं नाही — आणि किल्ली माझ्या खिशात. तरी दुसऱ्या दिवशी ते दार मी हळूच उघडलं. आत गेलो आणि आधी स्वयंपाकघर पाहिलं. कोणी नव्हतं, अर्थातच नव्हतं. खिडकीबाहेर ते उभं पाणी, आणि ओट्यावर मीच ठेवलेला रेडिओ.

संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकू केलं. तिन्ही दारांवर जाऊन बोलावणं करून आल्या. कोणी उघडलं नाही, तरी संध्याकाळी वाट पाहिली. मग प्रत्येक दाराच्या चौकटीला हळदीकुंकू लावून, उंबऱ्याशी तिळगूळ आणि वाणाची स्टीलची वाटी ठेवून आल्या. सकाळी मी ते पाहिलं. तसंच राहू दिलं असतं तर त्यांना संशय आला असता. मी तिन्ही वाट्या उचलल्या. तिळगूळ जिन्यात उभा राहून खाल्ला. दुपारी काकू मला म्हणाल्या, "घेतलं बाप्पा तिनं वाण. आमच्या घरी दुखनं हाये म्हनून येत नसन, पन घेतलं." इतकं समाधान होतं त्यांच्या तोंडावर की मला त्यांचा रागच आला. हो, रागच — इतकं भोळं असावं का माणसानं?

पाहा, मी अजूनही फिरून फिरूनच बोलतो आहे. येतो, त्या दिवसावर येतो.

संक्रांतीनंतर महिनाभराने असेल. सकाळची दहाची वेळ, स्वच्छ ऊन. अकराला नागपूरची पार्टी यायची होती. समोरचं दार बंद पाहून मी एकशे दोनमध्ये शिरलो होतो. साडी भिजवून दोरीवर टाकली, रेडिओ लावला. समोरच्या घरात काहीतरी पडलं. बादली लवंडल्यासारखा आवाज आला, त्यामागून काकूंचा. मग समोरचं दार उघडलं, आणि मी उभा होतो त्या दारावर थापा पडू लागल्या.

"पडोळेबाई! ओ बाई! हे पडले न्हानीत, डोक्याले लागलं. जरा हात लावा ना!"

मी रेडिओ बंद केला.

का केला? हात आपोआप गेला. बाहेर काकू एकदम थांबल्या. मग हळू आवाजात, दाराला तोंड लावून म्हणाल्या, "बाई, तुमी आत हा. मले आवाज आला. उघडा ना."

दार माझ्यापासून दोन पावलांवर होतं. कडी आतून लावलेली, नुसती वर सरकवायची. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. त्यात गैरसमज काही नव्हता. आणि मी विचार करत होतो तो याचा, की उघडल्यावर काय सांगायचं. गावभर नाव निघेल, बिल्डर काय म्हणेल, पार्टी अकराला येते आहे. श्वास धरून उभा राहिलो. त्या वर गेल्या. दुसऱ्या मजल्यावर थापा, तिसऱ्या मजल्यावर थापा. खाली आल्या, पुन्हा माझ्या दारावर. या वेळी बोलल्या नाहीत, नुसता हात आपटला. मग त्यांच्या अनवाणी पायांचा आवाज जिना उतरून रस्त्याकडे गेला.

मी बाहेर आलो. एकशे एकचं दार सताड उघडं होतं. न्हाणीत नळ चालू होता आणि त्या आवाजातून काकाजींचं कण्हणं येत होतं. मी उंबऱ्यापर्यंत गेलो. आता आत गेलो तर काकू विचारतील, भाऊ, तुम्ही कुठून आले? एवढंच मनात आलं आणि मी फिरलो. एकशे दोनला कुलूप लावलं, खाली उतरलो, बाभळीखालची गाडी काढली आणि नदीकाठच्या पायवाटेनं वळसा घालून समोरच्या रस्त्यावर आलो, जणू आत्ताच येतो आहे.

काकू रस्त्यावर उभ्या होत्या, एकट्या, डोक्यावर पदर नाही. मला पाहून धावल्या. "देवासारखे आले भाऊ!" म्हणाल्या.

आम्ही दोघांनी काकाजींना उचललं. तोवर कण्हणं थांबलं होतं. दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेले. मधली वीस मिनिटं वाचली असती तर ते वाचले असते का, हे मी कोणत्याच डॉक्टरला विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीती होती, आजही आहे.

लोक जमले त्यात माझी वाहवा झाली. एजंट असून पोरासारखा धावला म्हणे. मी ती ऐकून घेतली.

तेरवी गावातल्या जुन्या घरी झाली आणि गोंदियाची लेक काकूंना न्यायला आली. टेम्पोत सामान चढत होतं. काकूंनी मला जिन्यापाशी बोलावलं, समोरच्या पाटीकडे पाहिलं. मी ती अजून काढली नव्हती.

"मी दार वाजवलं अन् रेडिओ बंद झाला, भाऊ," त्या म्हणाल्या. "कोनाच्या तरी हातानं बंद झाला. मी लय शिव्या देल्या तिले मनात. मंग वाटलं, बाईमानूस, एकटी असन, भेली असन. तुमी वळखता ना तिले? तिले सांगजा, माह्या मनात राग नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

एवढ्यावर गप्प राहता आलं असतं. पण काकू त्या दाराकडेच पाहत होत्या. मग मी पुढे झालो, एकशे दोनचं दार दोनदा वाजवलं, आणि आतून कोणी येतं का याची त्यांच्या शेजारी उभा राहून वाट पाहिली.