न विकलेल्या घराची दलाली

कोथरूडचा फ्लॅट विकून टाक आणि बंगळुरूला आमच्याकडे राहायला ये, असं मुलगा म्हणाला आणि मी हो म्हटलं. हे गेल्यापासून मी बहुतेक गोष्टींना हो म्हणत असे. वाद घालायला घरात माणूस उरला नव्हता.

मुलाने ओळखीतला एक एजंट पाठवला. त्याने करारनामा पुढे केला. जन्मभर शाळेत मराठी शिकवल्यामुळे मी तो हातात पेन घेऊनच वाचला. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या, 'गिऱ्हाईक' नीट लिहून दिलं आणि सही ठोकली. मागितलेल्या किमतीला तयार गिऱ्हाईक आणलं की दलाली द्यायची, मग मालक घर विको अथवा न विको, असं त्याच वाक्यात होतं. शुद्धलेखन झाल्यावर मला त्यात काही खोट दिसली नाही.

गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको, दोघं नोकरी करणारी, नीटनेटकी. किमतीवरून घासाघीससुद्धा केली नाही. बायको स्वयंपाकघरात उभी राहून सहज म्हणाली, "ओटा फारच बुटका आहे. उंच करून घेऊ."

ओटा सासूबाईंच्या उंचीचा होता. त्यावर वाकून वाकून माझी कंबर गेली. तो उंच करता येतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं. घर आधी सासूबाईंचं, मग ह्यांचं, आता मुलाच्या हिशेबातलं. मला भयंकर राग आला, आणि तो त्या मुलीवर नव्हता.

"घर विकायचं नाही," मी म्हणाले.

एजंट त्यांना खाली सोडून परत वर आला.

"काकू, तुमची मर्जी. पण माझं काम झालंय. गिऱ्हाईक तयार होतं."

"मालकीण तयार नव्हती, त्याचं काय?"

"ते करारात नाहीये."

खरंच नव्हतं. मीच तपासला होता की. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याला चहा दिला आणि माझ्या पेन्शनच्या खात्यावरचा चेक दिला. न विकलेल्या घराची दलाली देणारी पुण्यात तू पहिलीच, असं जाऊबाईंनी नंतर फोनवर ऐकवलं.

मुलगा मात्र चिडला. "अगं आई, घर विकलं नाहीस, वर पदरचे पैसे घातलेस. मिळालं काय तुला?"

"घर," मी म्हणाले.