आत्याचा रणगाडा

माझ्या आत्याने उभं आयुष्य लोकांना मोटार शिकवण्यात घालवलं. अर्ध्या गावाचा पाय क्लचवर नीट पडतो तो तिच्या शिव्यांमुळे. पोटचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, त्यालाही सूट नव्हती. मागे न बघता गाडी मागे घेतो म्हणून त्याला तिने वर्षभर परीक्षेलाच बसू दिलं नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि घरात बॅटरीवरची गाडी आली: चार चाकं, हँडल आणि वर ऐसपैस खुर्ची. आम्हाला वाटलं, आत्या आता भाजी आणायला जाईल. तिने हँडलला कॅमेरा बांधला, गाडीचं नाव रणगाडा ठेवलं आणि पक्ष्यांच्या मागे लागली. ओसाड पायवाटेवरही ती वळताना इंडिकेटर देते. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "मागून बेडूक येत असला तर?"

एकदा तळ्यावर रणगाडा चिखलात रुतला. इकडे घरी आमचा जीव टांगणीला, आणि बाईसाहेब तिथे बसून निवांत बदकांचे फोटो काढत होत्या. दादाने किल्ली खिशात घातली. "यापुढे एकटीने जायचं नाही. मी सोबत येईन."

सोबत येऊन तो काय करायचा? बोलायचा. ऑफिसातलं राजकारण, पाण्याची टाकी, शेजाऱ्याचा कुत्रा. पक्षी सोडा, माश्याही उठून जायच्या. शेवटी आत्याने कॅमेरा कपाटात टाकला आणि दिवसभर टीव्हीवरच्या माणसांना शिव्या देऊ लागली. त्या शिव्यांतही पूर्वीचा जोर नव्हता. मला ते बघवेना.

"दादा, तिची परीक्षा घे," मी म्हटलं. "तळ्यापर्यंत एकटी जाऊन परत आली, तर किल्ली तिची."

दादाला हे भलतंच आवडलं. आयुष्यभराचं उट्टं काढायची संधी कोण सोडेल?

आत्या पुढे, कपाटातला कॅमेरा पुन्हा हँडलला; आम्ही दोघं मागे मोटारीत. रणगाडा मुंगीच्या चालीने निघाला, प्रत्येक वळणावर इंडिकेटर. तळ्याशी ती कडक जमीन बघून थांबली. दादाला मागून ती नीट दिसेना. त्याने गाडी पार काठाला नेली आणि चाक फसकन आत गेलं. मग त्याने आणखी जोर लावला, तसं उरलेलंही गेलं.

तो दार उघडणार, तोच आत्याने पंजा वर केला. शिकवताना ती 'थांब' म्हणून दाखवायची, तोच पंजा. दादाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

गाडीच्या आरशावर खंड्या येऊन बसला होता. निळाशार, चोचीत मासा, दादाच्या नाकापासून वीतभर. दादाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी श्वास रोखून धरला. आत्या सावकाश, एकामागून एक फोटो काढत होती. मासा गिळून झाल्यावर खंड्या आपल्या मर्जीने उडाला.

आत्याने गाडीकडे, चिखलाकडे आणि दादाकडे पाहिलं. "वळणापलीकडच्या ट्रॅक्टरवाल्याला घेऊन येते. त्याला मीच शिकवलंय."

"एकटी जाणार?" दादा ओरडला.

"मग तू येतोस?"

आणि इंडिकेटर देऊन ती निघाली. तिची ताठ पाठ बघताना मला इतका आनंद झाला की मी चिखलात उतरून टाळ्या वाजवल्या. माझी चप्पल अजून तिथेच आहे.

ट्रॅक्टर आला, मोटार निघाली. किल्ली परत मागायची दादाची छाती झाली नाही.

तो फोटो आता बैठकीच्या खोलीत लावलाय. पाहुणे पक्ष्याचं कौतुक करतात, मग गाडीच्या काचेआडच्या माणसावर बोट ठेवून विचारतात, "आणि हा कोण?"

"माझा मुलगा," आत्या सांगते. "पक्षी काय, रोज दिसतात. हा गप्प बसलेला एकदाच सापडला."