खालच्या मजल्यावरचा सामना

जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक इंग्रज आजोबा राहतात. तरुणपणी ब्रिटिश सैन्यातून इथे आले, इथल्याच एका मुलीच्या प्रेमात पडले आणि राहिले ते राहिलेच. त्यांची बायको तोंडावर बोलणारी, अस्सल जर्मन. आमच्याकडे जेवायला आली आणि पोळी वातड झाली असेल, तर "वातड झालीय" म्हणून दुसरी मागून घ्यायची. आजोबा त्याच पोळीला "इंटरेस्टिंग" म्हणायचे. तिच्या पावाला ते वीट म्हणत, त्यांच्या पावाला ती स्पंज. फुटबॉलमध्ये इंग्लंड-जर्मनी सामना असला की खालून एक आरोळी आणि एक कण्हणं बरोबरच वर यायचं. गोल कुणी केला, हे आम्हाला टीव्ही न लावता कळायचं.

मागच्या हिवाळ्यात ती वारली. त्यानंतर उन्हाळ्यात पुन्हा हाच सामना आला, तेव्हा आजोबांनी मला जिन्यात गाठलं. "रविवारी खाली याल का? एक खुर्ची रिकामी आहे."

"नक्की प्रयत्न करते," मी म्हटलं.

पुण्यात कुणालाही कळलं असतं की ही बाई काही येत नाही. इंग्रजालाही कळायला हवं होतं. गोड बोलून नाही म्हणण्यात ते तर आपले गुरू. पण जर्मन बायकोबरोबर चाळीस वर्षं काढलेला माणूस दिलेला शब्द शब्द म्हणूनच धरतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

का जायचं नव्हतं, ते सांगायला लाज वाटते. मला नुकताच जर्मन पासपोर्ट मिळाला होता आणि आमच्या बॉसने टीमला त्याच्या बागेत ग्रिलसाठी बोलावलं होतं. सामना तिथेच बघायचा होता. आजोबांबद्दल मी परस्पर ठरवून टाकलं की त्यांना इंग्लंडसाठी टाळ्या वाजवायला माणूस हवंय. आम्ही दुधाचा चहा पिणारे, क्रिकेट बघणारे, म्हणजे आपोआप त्यांच्याच बाजूचे! तुमच्या साहेबांपुढे दीडशे वर्षं मान डोलावली तेवढी पुरे, असं मनातल्या मनात म्हणून मी मोकळी झाले.

सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या. आजोबा रोज चारला त्यांच्या हातचा आल्याचा चहा प्यायला वर यायचे. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, तरी त्यांचं छान जमायचं.

"अगं, त्यांनी बोलावलंय ना?" मी निघताना त्या म्हणाल्या. "एकटा माणूस आहे."

"आई, मी हो कुठे म्हटलं होतं?"

"नाही तरी कुठे म्हटलंस?"

मी चप्पल घालून निघाले. बागेत सहकाऱ्यांनी माझ्या गालावर जर्मन झेंड्याचा काळा-लाल-सोनेरी पट्टा ओढला आणि बॉस म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर! आता तू आमच्यातली." मी इतकी सुखावले की जर्मनी हरल्याचंही फारसं वाटलं नाही. परतताना मात्र आजोबांच्या दारावरून चोरासारखी चवड्यांवर गेले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी चिवड्याची वाटी हातात दिली आणि खाली पिटाळलं. ऑफिसचं निमित्त मी जिन्यातच जुळवलं होतं. आजोबांनी दार उघडलं. टेबल कालचंच मांडलेलं होतं. दोन खुर्च्या, दोन बश्या, दोन्ही बश्यांत सॉसेज. एकीतलं खाल्लेलं, दुसरीतलं तसंच आक्रसून पडलेलं. त्या दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर बायकोचा जर्मन संघाचा मफलर होता.

मी चिवड्याची वाटी टेबलाच्या कडेला ठेवली.

"हरेल त्याने भांडी घासायची," आजोबा नेहमीच्या मऊ इंग्रजीत म्हणाले. "आमचा लग्नापासूनचा नियम. जर्मनीकडून माझ्याशी भांडायला कुणीतरी हवं होतं. तुम्हाला पासपोर्ट मिळाल्याचं कळलं, तेव्हा म्हटलं, चला, आता आपल्या इमारतीतच एक जर्मन आहे."

मी ज्याच्यासाठी बॉसच्या बागेत गाल रंगवून घेतला होता, ते मला इथे, एका इंग्रजाच्या घरी, न मागता मिळालं होतं. मफलरसकट मांडून ठेवलं होतं. ती गेल्यानंतर त्यांनी कुणाकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच, आणि मी त्याचा अर्थ इंग्लंडसाठी टाळ्या असा लावला. इतकी शरम मला या देशात कधी वाटली नव्हती.

मी दोन्ही बश्या उचलल्या, सिंकमध्ये ठेवल्या आणि नळ सोडला. आजोबा मागून आले. त्यांनी हळूच नळ बंद केला.

"राहू द्या," ते म्हणाले. एरवी माझ्याशी ते नेहमी इंग्रजीत, आडवळणाने बोलत. या वेळी जर्मनमध्ये बोलले, अगदी बायकोसारखं सरळ. "तुम्ही हरला नाहीत. तुम्ही आलाच नाहीत."