पाना त्यांनी माझ्याच हातात दिला

सुधाकरचा फोन मला कधी येत नाही. म्हणून त्या सकाळी खव्याच्या भट्टीवर असताना मोबाइलवर त्याचं नाव दिसलं, तेव्हा मी हातातलं उलथणं बाजूला ठेवलं आणि दोन पावलं लांब जाऊन फोन घेतला. "प्रकाश," तो म्हणाला, "दादा गेले. पहाटं, झोपेतच." फोन कुणीच ठेवत नव्हतं. मागं कढईतलं दूध करपल्याचा वास आला, तसा तोच म्हणाला, "या लवकर. वहिनी तुमचीच वाट बघायलीय." भूम ते कळंब हा रस्ता मी एरवी गप्पा मारत काटतो. त्या दिवशी गाडीत मुलगा शेजारी होता, पण मी सबंध रस्ताभर मैलाचे दगड मोजत होतो.

सुधाकरचे दादा, त्याचे सख्खे थोरले भाऊ, म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची अडत होती. सोयाबीन मुठीत घेऊन ओलावा सांगणारा, उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. गाडीत बसला की मात्र वेगळाच. त्यांची पांढरी ॲम्बॅसडर त्यांनी कुणाच्या तरी गोठ्यातून, अंगावर कडबा रचलेला असताना विकत घेतली आणि तिला इतकी जपली, की ताई म्हणायची, पुढच्या जन्मी मी यांच्या गाडीचं बॉनेट होणार, रोज अंगावरून हात तरी फिरेल. मी भूमचा, माझ्याकडे जुनी पेट्रोल जीप. आम्हा दोघांच्या भोवती दोन्हीकडे असेच पाच-सहा गाडीवेडे जमले आणि बघता बघता दोन क्लब झाले. क्लब म्हणायचं ते टी-शर्टवर तसं छापून घेतलं म्हणून. वर्षातून एकदा, रब्बीची पेरणी उरकली, की आमच्या दोन गावांच्या मधल्या वाशीच्या अलीकडच्या एका माळावर आम्ही भिडायचो. माळ कळंबवाल्यांतल्याच एकाच्या मालकीचा. त्यानं मुरूम टाकून, रोलर फिरवून सरळ पट्टी करून घेतली होती. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सुटायचं, आणि पट्टीच्या टोकाला आधी पोचेल तो जिंकला. हरलेल्या क्लबानं सगळ्यांना जेवू घालायचं. आम्ही हरलो तर वर पेढेही, कारण भट्टी माझी. दाजी मला चारचौघांत "खवेवाले" म्हणायचे, एकटं असताना "पाव्हणं".

पहिल्याच वर्षी भांडण झालं. आमच्या एकाची गाडी सुरूच होईना आणि त्यानं सरळ कळंबवाल्यांवर बोट ठेवलं, यांनी वायर काढली म्हणून. शिव्या झाल्या, कॉलर धरून झाल्या. तेव्हा दाजींनी एक रीत घालून दिली. ज्याच्याशी शर्यत, त्यानंच समोरच्याच्या गाडीच्या चारही चाकांचे नट आवळायचे. आवळून झाले, की मालकानं पुन्हा हात लावून बघायचं नाही. बघितलं तर शर्यत हरला. आम्हाला हे अजब वाटलं. दाजी म्हणाले, "ज्याला हरवायचंय त्याचा जीव एकदा आपल्या हातात येऊ द्या. मस्ती उतरती." आणि खरंच उतरायची. पाना हातात घेऊन दुसऱ्याच्या चाकाशी उकिडवं बसलं, की माणूस नकळत हळू बोलायला लागतो. मी स्वतःच्या जीपचे नट जितके मन लावून आवळले नसतील, तितके कळंबवाल्यांचे आवळले आहेत.

पाच-सहा वर्षं हे छान चाललं. मग ते साल आलं.

माझी शर्यत सुधाकरशी होती. त्याच्या लाल गाडीच्या चाकांना त्यानं नव्या चकाकत्या रिंगा बसवल्या होत्या आणि सकाळपासून तो त्या सगळ्यांना दाखवत हिंडत होता. मी नट आवळले. एकेक. मागच्या डाव्या चाकापाशी मी थोडा थांबलो, घाम पुसला, पुन्हा पाना लावला, हे सगळं मला आजही दिसतं. झेंडा पडला. निम्म्या पट्टीवर त्याची गाडी माझ्या पुढे होती आणि अचानक तिचं मागचं डावं चाक गाडीपेक्षा वेगानं, एकटंच, माझ्या जीपसमोरून निघून गेलं... गाडी गरकन फिरली आणि आडवी झाली. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून सुधाकर वाचला. उजवा हात मात्र दोन ठिकाणी मोडला. त्याला बाहेर ओढणारा पहिला माणूस मी होतो आणि वेदनेनं पांढरा पडलेला असतानाही त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "का रं?"

दवाखान्याच्या व्हरांड्यात कळंबचे सगळे एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. कुणी म्हणालं नव्या रिंगांना जुने नट बसत नसतात, कुणी म्हणालं नटांचे आटे झिजले असतील. खरं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. कारण कळलं नाही की मग माणूस उरतो, आणि तो माणूस मी होतो. प्लास्टर घातलेला सुधाकर सगळ्यांदेखत म्हणाला, "यानं नट ढिला सोडला. हरणार होता म्हणून." मी धावून गेलो असतो, पण मध्ये ताई उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग दिराकडं, आणि पदर तोंडाला लावून भिंतीकडं तोंड केलं. दाजी बाकावर बसून होते. मी त्यांच्यापुढं जाऊन म्हणालो, "दाजी, तुम्ही तरी बोला." ते उठले, औषधाची चिठ्ठी घेतली आणि खाली गेले. माझ्या बाजूचं नाही, माझ्या विरुद्धही नाही, एक अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नाही.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. पंचमीला ताई आली नाही. आईनं तिच्यासाठी झोका बांधून घेतला होता, तो तसाच लोंबकळत राहिला. राखी कुरिअरनं आली, आत चिठ्ठी नव्हती. कळंबच्या घरात माझं नाव निघालं की सुधाकर ताटावरून उठायचा म्हणे, आणि त्याच घरात राहायचं तर ताईनं ते नाव किती वेळा घ्यावं? मला राग सुधाकरचा कमी आणि दाजींचा जास्त होता. त्यानं निदान तोंडावर आळ घेतला. यांनी गप्प बसून मला टांगून ठेवलं. रात्री झोपेत मी तेच चाक आवळायचो. पुढं पुढं तर माझा माझ्या हातांवरचा भरवसा गेला. भट्टीचा गॅस बंद केला की नाही ते तीनतीनदा बघायचो. घरात सगळे हसायचे. मला हसू येत नव्हतं.

पुढल्या सालची शर्यत होणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. पण कळंबहून निरोप आला: यायचं. आता ज्यानं त्यानं आपापले नट आवळायचे, ती रीत बंद. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "न्हाय गेलात तर लोक म्हणतील खरंच होतं." म्हणून गेलो.

माळावर कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. दोन्हीकडची माणसं आपापल्या गाड्यांना चिकटून, एकमेकांच्या हातांकडं बघत उभी. दाजींची ॲम्बॅसडर आली आणि पुढच्या सीटवरून ताई उतरली. ती आजवर कधी माळावर आली नव्हती. वर्षानं दिसली, वाळली होती. मी पुढं होणार तेवढ्यात दाजी सरळ माझ्यासमोर आले. हातात पाना होता. "पाव्हणं, शर्यत माझी-तुमची. आवळा."

मागून सुधाकर ओरडला, "दादा! ठरलंय की आपलं. ज्याचं त्यानं!"

"ते तुमचं ठरलंय," दाजी म्हणाले आणि माझ्याकडं पाठ करून चहाचा कप घेऊन उभे राहिले.

मी खाली बसलो. एकेक नट बोटानं चाचपून मगच मी पाना लावला. चारही चाकं झाली, तरी मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझं झाल्यावर दाजी वळले. चाकांकडं बघितलंसुद्धा नाही. मग त्यांनी माझ्या जीपचे नट आवळले, नेहमीसारखे, झटपट. आणि ते गाडीत बसले, तर शेजारचं दार उघडून ताई आत बसलेली! गाडीत दुसरं माणूस घ्यायचं नाही हा नियम होता. सुधाकर धावला, "वहिनी, उतरा! उतरा म्हंतो ना!" ती हलली नाही. दाजींनी तिच्याकडं एकदा बघितलं. काय बोलणं झालं ते काचेतून ऐकू आलं नाही. मग त्यांनी हात बाहेर काढून कुणाचं तरी हेल्मेट मागून घेतलं. अंबाड्यावर ते बसेना. ताईनं अंबाडा सोडला, केस मागं टाकले आणि हेल्मेट घातलं. झेंडा धरणारा आमचा मास्तर माझ्याकडं बघायला लागला. दाजी म्हणाले, "मास्तर, टाका झेंडा."

ती शर्यत मी पळवली असं म्हणणं खोटं होईल. जीप आपली आपण गेली. मी सबंध पट्टीभर त्या पांढऱ्या गाडीचं चाक बघत होतो. ते थरथरतंय असं वाटायचं, मुरमावर ते थरथरणारच, पण प्रत्येक वेळी माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. एवढीशी पट्टी संपता संपेना. त्यांची गाडी पुढं गेली, टोक ओलांडलं, हळू झाली, थांबली. चारही चाकं जागेवर. मी जीप कुठंतरी बाभळीत घातली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. दाजींनी येऊन खिडकीवर टकटक केलं. "खवेवाले हरले. पेढे काढा." त्यानंतरच्या दिवाळीला ताई भाऊबीजेला आली. सुधाकरनं माझ्याशी बोलायला आणखी वेळ घेतला, पण बोलला.

तेव्हापासून ही गोष्ट मी कुठं कुठं सांगितली असेल! लग्नात, पारावर, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही. विश्वास असावा तर माझ्या दाजींसारखा, हे माझं ठरलेलं शेवटचं वाक्य. तेराव्याच्या दिवशी कळंबला शोकसभा झाली, तिथंही मी माइकवर हेच बोललो. सुधाकर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. माणसं डोळे पुसत होती. मलाही आपण चांगलं बोललो असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

माणसं पांगल्यावर ताई दिसेना. अडतीच्या मागच्या शेडमध्ये गेलो, तर ती ॲम्बॅसडरमध्ये, आपल्या नेहमीच्या जागी बसलेली. मी दार उघडून दाजींच्या जागेवर बसलो. माझे पाय क्लचपर्यंत पोचेनात. जुन्या गाडीचा सलग बाक, त्यांच्या उंचीसाठी पार मागं सरकवलेला. म्हणजे सगळा जन्म ताईही तशीच मागं बसत आली होती. गाडीला अजून धान्याच्या धुळीचा आणि त्यांच्या तंबाखूचा वास होता.

"माइकवर काय बोललास रे?" ताई म्हणाली. "विश्वास होता म्हणं."

"मग? नव्हता?"

"न्हाय."

मला वाटलं, दुःखात काहीतरी बोलतेय.

"न्हाय, बाळा," ती म्हणाली. "सालभर त्यांच्या डोक्यात तेच होतं. मुद्दाम न्हाय केलं त्यानं, म्हणायचे, पर घाईत एखादा राहिला असंल त्याच्याकडून. आदल्या दिवशी जेवलेबी न्हाईत. मला म्हणाले, शोभे, उद्या पाना मी प्रकाशच्याच हातात देणार. न्हाय दिला तर तुझं माहेर संपलं. चाक राहतंय का जातंय, ते बघू."

माझ्या डोक्यात सणक गेली. एवढी वर्षं ज्या गोष्टीवर मी मान ताठ करून फिरलो, तिच्यातला मुख्य खांबच कुणी काढून घेतला होता. ते भ्यायलेले होते. माझ्यावर संशय होता, आणि तरी ते गाडीत बसले होते. मी आवाज चढवून म्हणालो, "आणि तू? तू तर आपण होऊन बसलीस. तुझा तरी होता ना?"

ताईनं पदरानं डॅशबोर्ड पुसला. तिथं पुसण्यासारखं काही नव्हतं.

"ते एकटेच गेले असते, अन् काय झालं असतं, तर मी तुझं तोंड बघितलं नसतं," ती म्हणाली. "काय व्हायचं ते दोघांचं होऊ दे, म्हणून मी बसले. अन् झेंडा पडल्यापासून गाडी थांबेपर्यंत मी डोळं मिटून होते."