बाबांचं रिव्हॉल्व्हर आणि माझं गप्प राहणं

रविवारी बाबांना घेऊन अमरावतीहून अकोल्याला निघाले आणि बडनेरा यायच्या आतच वाटलं, गाडी मागे वळवावी. मागच्या सीटवर कुलूपबंद पेटीत त्यांचं रिव्हॉल्व्हर होतं... आणि शेजारी बसलेल्या बाबांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता.

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, वय पंच्याहत्तर. टार्गेट शूटिंगचा नाद तरुणपणापासूनचा. लायसन्सचं हे जुनं विलायती रिव्हॉल्व्हर त्यांनी जिवापाड जपलंय. पोलादाला निळसर काळी झाक, उन्हात धरलं की मोराच्या मानेसारखी चमकते. बोटांचा घाम राहिला तरी गंज धरतो, म्हणून दर वेळी तेलाचा हात फिरवायचा.

त्यांचे अकोल्याचे मित्र जयवंतकाका. त्यांचं रिव्हॉल्व्हर स्टेनलेस स्टीलचं, तेही जुनंच. महिन्यातून एकदा अकोल्याच्या शूटिंग रेंजवर भेटायचं, दोन्ही शेजारी ठेवायची आणि कुठलं सरस यावरून भांडायचं, हे ठरलेलं.

थरथर मला दोन महिन्यांपूर्वी चहाच्या कपात दिसली. मग सहीत, शर्टाच्या बटणांत... डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर, "काई नाई झालं मले." नंतर मी विषयच काढला नाही. आई गेल्यापासून त्यांना नेमबाजीचा हा एकच आनंद उरलाय, तो मी कसा हिरावून घेऊ?

रेंजवर काका वाटच पाहत होते. "आनली का तुही काळी राणी? कितीक तेल पाजशीन तिले? माह्यं पाह्य, पुसलं का झालं!"

"तुह्यं भांड्याच्या दुकानात ठेव," बाबा म्हणाले. सगळे हसले. मला हसू येईना.

बाबांची पाळी आली. काडतुसं भरताना एक हातातून निसटलं, माझ्या पायाशी आलं. मी ते उचलून त्यांना दिलं... हो, मीच. तेव्हाही तोंडातून शब्द फुटला नाही.

त्यांनी हात उचलला. नळी आधी खाली गेली, मग डावीकडे. त्याच बाजूला दोन लेन सोडून एक मुलगी नेम धरून उभी होती. मी डोळे मिटले...

आवाज झालाच नाही. डोळे उघडले तेव्हा बाबांनी नळी समोर गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे ठेवून काडतुसांचं सिलिंडर उघडलं होतं. एकेक करून सगळी काडतुसं त्यांनी टेबलावर काढली आणि रेंजवर देखरेख करणाऱ्या सरांना म्हणाले, "साहेब, माहा हात आता भरवशाचा नाई. आजपासून बंद."

जयवंतकाकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. बाबांनी कप दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "तुले दिसून रायलं होतं ना?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"वाईट तं वाटलंच. पन त्या पोरीले लागलं असतं तं?"



मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. जे मला चार भिंतींत बोलता आलं नाही, ते बाबा चारचौघांत बोलले. मी त्यांना सांगितलंय, यापुढे जे दिसेल ते बोलेन... तुम्हाला राग आला तरी.