कमलच्या पुस्तकाची पानं

१९५८ साल. मी सदतीस वर्षांचा. साक्रीच्या एसटीत ट्रंक चढवली, मागं बायको आणि कॉलेजात नाव घातलेली लेक, कमल. वडील खालून म्हणाले, "जाय, पन घर ते हाईच शे." घर म्हणजे हेच, असं त्यांचं म्हणणं. मी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरलो असतो.

जळगावात जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी ओढू लागलो. राहायला एक खोली. गावाकडं बाई बाहेर बसली तर तिला अख्खी ओसरी असे. इथं दाराशी गोणपाट, तीच कमलची जागा. पुस्तकं देवाच्या फळीवर. त्या चार दिवसांत शिवायची नाहीत. मग बुडालेला अभ्यास भरून काढायला पोरगी नुसत्या चहावर जागायची. होता होता तिची पाळीच बिघडली. दोन महिने नाही, मग एका महिन्यात दोनदा, आणि पोटात अशा कळा की भिंत धरून बसे.

बायको म्हणाली, "बस झालं शिकणं. गावाला नेऊ, लगीन लावू."

मी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जागरण, उपास, परीक्षेची धास्ती, त्यानं असं होतं. जेवू घाला, झोपू द्या. आणि ते चार दिवस पुस्तक हिसकावू नका, धास्ती तिथंच वाढते."

बायको ऐकेना. म्हणे, विद्येला विटाळ नको. मी म्हटलं, "तिनं शिवायचं नाही ना? मी धरतो."

जिनातून आलो की हातभर अंतरावर पुस्तक उघडून बसायचो. तिनं मान हलवली की पान उलटायचं. मी तिसरी पास, पुस्तक इंग्रजी.

"नाना, उलटं धरलंय!"

"ठाऊक आहे. तुझं ध्यान बघत होतो."

किती दिवसांनी हसली पोर. जेवू लागली, झोपू लागली. कळाही कमी झाल्या.

आणि इंटरच्या परीक्षेत पहिल्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी ती पुन्हा गोणपाटावर. बायको म्हणाली, "आता पेन कोण धरणार? तुम्ही जाता का वर्गात?"

कमल रडली नाही. एवढंच म्हणाली, "नाना, पेन मलाच धरावं लागेल."

गावातल्या माझ्या माणसांनो, तुम्ही अजून विचारता, नाना, घरी कधी येता? वडिलांचा शब्द मी मोडत नाही, ती ओसरी माझीच आहे. पण माझं घर आता त्या एका खोलीपासून सुरू होतं. कसं, ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेनात शाई भरली आणि ते कमलच्या हातात दिलं, बोटाला बोट लागू दिलं. बायको ओरडली, "अहो, आंघोळ करा!" मी ताट पुढं ओढलं, कमलला म्हटलं, "बाई, भाकर वाढ." तिच्या हातची भाकर खाल्ली, तिला कॉलेजच्या फाटकाशी सोडलं, आणि तसाच, आंघोळ न करता, जिनात कामाला गेलो.