लग्नपत्रिकांचा बॅकअप

आमच्या घरातला कॉम्प्युटर खरं म्हणजे माझ्या बायकोचा होता. खामगावातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून ती लग्नपत्रिका जुळवायची आणि छापखानेवाला तिच्याकडून तयार मजकूर घेऊन जायचा. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि घरी त्या मशीनचा जाणकार म्हणून मिरवायचो. बॅकअप घेण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. ते मी किती वाईट केलं, हे आधी सांगायलाच हवं.

आमच्या भागातल्या पत्रिकेत वधूवरांची नावं हा सोपा भाग. खरी कसोटी त्याखाली. निमंत्रक कोण, विनीत कोण, चुलत्यांच्या आधी मामा की नंतर, हे ठरवायला घराघरांत बैठका होतात. कागद आमच्याकडे येतो तो भांडण होऊनच, आणि तरी तिच्या टेबलासमोर पुन्हा एक भांडण होतं. पण एकदा क्रम ठरला की त्या घराची पुढची लग्नं त्याच पत्रिकेवर निघतात. नवरीचं नाव बदलायचं, तारीख बदलायची, मधल्या काळात जे गेले त्यांना ‘कै.’ लावायचं. लोक तिच्याकडे येत ते यासाठी. अर्ध्या तालुक्यातल्या भाऊबंदांचे तह तिच्या मशीनमध्ये जपलेले होते.

एका उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली होऊन मशीनची डिस्क गेली. मी शांत होतो. “माझ्याकडे सगळं आहे,” असं म्हणून मी कपाटातून सीड्या काढल्या. त्यांत काही नव्हतं. म्हणजे ‘पत्रिका’ नावाचं पिवळं पाकीट होतं, पण ते नुसतं खऱ्या पाकिटाकडे बोट दाखवणारं चित्र, म्हणजे शॉर्टकट होतं. पडद्यावर दिसतं तेच खरं पाकीट, असं समजून मी दर वेळी ते चित्र सीडीवर चढवत आलो होतो. बॅकअपचं सॉफ्टवेअर दर वेळी काम यशस्वी झाल्याची हिरवी खूण दाखवायचं. मी एकदाही सीडी उघडून पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात वरवट बकालचे दोघे भाऊ आले. त्यांच्या थोरल्या बहिणीची पत्रिका बायकोनं केली होती, आता धाकटीचं लग्न होतं. जुनी छापील पत्रिका कोणी ठेवली नव्हती. लग्न झाल्यावर कोण ठेवतो? क्रम आठवून सांगा, असं बायकोनं म्हणताच मोठा भाऊ म्हणाला, “बाबाच्या खालतं माहं नाव होतं.”

“खोटं नको बोलू दादा,” धाकटा म्हणाला. “बाबाच्या खालतं मामा होते. मंग तू.”

“आन् तुहं कुठी होतं? तुहं तं त्या ‘ताईच्या लग्नाला यायचं हं’वाल्या पोट्ट्यायत होतं!”

धाकटा चहा न घेता उठून गेला. ते लग्न झालं, पण पत्रिकेत नाव खाली गेलं म्हणून मामा आले नाहीत, हे आम्हाला नंतर कळलं. त्यात माझा वाटा किती, हा विचार मी आजही टाळू शकत नाही.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, “शाळेत पोरायले सांगता ना, प्रयोग करून पाहा म्हणून? मंग हे काऊन नाही करून पाह्यलं?” मी सीड्या गोळा करू लागलो, तशी ती म्हणाली, “पुन्हा असं झालं तं मी हे मशीन इकून टाकीन. लोकायसमोर मान खाली घालाले मले नाही जमत.”

ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई आहे. तिचं काम आता माझ्या हातात होतं.

मशीनला नवी डिस्क बसवून मी एका कॉम्प्युटर मासिकासोबत आलेल्या सीडीतली बॅकअपची सॉफ्टवेअरं काढली आणि एकच नियम केला. सॉफ्टवेअर स्वतःबद्दल काय म्हणतं ते ऐकायचं नाही. त्यानं केलेली प्रत दुसऱ्याच्या मशीनवर नेऊन उघडायची. दुसरं मशीन म्हणजे माझ्या साडभाऊंचं, गावाच्या दुसऱ्या टोकाला.

पहिलं सॉफ्टवेअर दिसायला देखणं होतं. सगळ्या पत्रिकांचं त्यानं एक बंद गाठोडं बांधलं. ते साडभाऊंकडे नेलं तर गाठोडं सोडायलाही तेच सॉफ्टवेअर लागत होतं, आणि फुकट वापरायची मुदत संपल्यानं ते नोंदणी क्रमांक मागू लागलं. साडभाऊ हसले. “कुलूप चांगलं हाय सर. पण चोरासाठी हाय का मालकासाठी?”

दुसऱ्यानं प्रत उघडू दिली, पण त्यात नेमकी चालू कामाची पत्रिका नव्हती. बायको हंगामात दिवसभर फाइल उघडीच ठेवते, आणि हे सॉफ्टवेअर उघडी फाइल दिसली की गुपचूप तिला सोडून पुढे जायचं.

तिसरं अगदी साधं होतं. फाइली जशाच्या तशा दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, मग मूळ आणि प्रत एकमेकांशी ताडून पाहायचं, आणि एखादी राहिली तर तसं स्पष्ट सांगायचं. त्या डिस्कवरून सीडी भरून मी उत्साहानं साडभाऊंकडे गेलो. पत्रिका उघडली. ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं.

“हे कोणत्या मुलुखातलं लग्न हाय सर?” साडभाऊ म्हणाले.

मी मात्र मनातून आनंदलो होतो. चूक वेळेवर सापडली होती! आमचा मराठी फॉन्ट त्यांच्या मशीनवर नव्हता. तो नसला तर सगळ्या फाइली असूनही एक नाव वाचता आलं नसतं. मी फॉन्टही बॅकअपमध्ये घातला, बायकोला रोज काम संपल्यावर फाइल बंद करायला सांगितलं आणि पुन्हा जाऊन पाहिलं. या वेळी चुलते, मामा, आत्येभाऊ, सगळे आपापल्या जागी होते.

पुढच्याच हंगामात अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर मशीनची ही डिस्कही टकटक वाजू लागली आणि दुपारी बंद पडली. समोर पिंपळगाव राजाचे नवरीचे काका बसलेले. चार घरांची समजूत काढून त्यांनी आदल्या दिवशी क्रम पक्का करून पत्रिका जुळवून घेतली होती आणि आज ती छापखान्यात जायची होती.

“वहिनी, गेली का हो पत्रिका?”

“बसा भाऊ, चहा टाकते,” ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

मी बाजारातून नवी डिस्क आणवली, बसवली, सगळं पुन्हा चढवलं. काकांचा चहा केव्हाच संपला होता. आदल्या संध्याकाळच्या बॅकअपची प्रत घेऊन फाइल उघडली आणि पडद्यावर पत्रिका आली. काकांनी चष्मा पुसला, काचेवर बोट टेकवलं आणि एकेक नाव मोठ्यानं वाचत खाली गेले. शेवटच्या भाच्यापर्यंत पोचल्यावर म्हणाले, “हाव. एकही वरखाली नाही. वहिनी, मानलं तुम्हाले!”

“मले नका मानू भाऊ,” ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. “हे यायचं काम हाय.”

त्या पत्रिकेची सीडी न्यायला छापखान्याचा पोऱ्या येणार होता. मी त्याची वाट पाहिली नाही. भर उन्हात सायकल काढली आणि स्वतः निघालो. वाटेत ओळखीचे जे जे भेटले, त्या प्रत्येकाला थांबवून मी सगळी हकिकत सांगितली, अगदी त्या रिकाम्या सीड्यांपासून.